तीस अंडी आणि तिसरा किलोमीटर

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की तुम्ही रस्ता आहात. उताणे पडला आहात आणि हलायचं नाही. अंगात खडीचा सदरा, त्यावर डांबराचा काळा कोट. सकाळी दूधवाल्याची लूना अंगावरून जाते, तिच्या गुदगुल्या होतात. मग एस.टी. जाते. मग उसाने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे एक ट्रॉली, तिच्या मागे आणखी एक ट्रॉली. कूस बदलायची सोय नाही. आता सांगा, आधी कुठे दुखेल? पाठीत, पोटात की कडेला बरगडीत?

उघडा डोळे. मागच्या बाकावर दोघे खरोखरच झोपलेत, त्यांना झोपू द्या. झोपलेल्या मुलाला उठवून शिकवण्यात अर्थ नसतो, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळलं.

हाच प्रश्न मी १९९४ साली दिवाळीच्या सुट्टीनंतर बाभळेवाडीच्या शाळेत सातवीच्या वर्गाला विचारला होता. कोल्हारच्या अलीकडे सहा किलोमीटरवर आमचं गाव. मोठा रस्ता गावातून जायचा आणि शाळा रस्त्यालाच लागून होती. गणिताचा धडा संपला होता, घंटा व्हायला दहा मिनिटं होती. सगळा वर्ग एका सुरात 'पोटात' म्हणाला. दुखणं म्हटलं की मुलांना पोटच आठवतं, कारण शाळा बुडवायला तेच उपयोगी पडतं. फक्त सीमा नावाची मुलगी म्हणाली, "बरगडीत, गुरुजी."

मी म्हणालो, "छान. खाली बस."

हे 'छान, खाली बस' मला पुढे चार महिने पुरलं.

प्रश्न माझ्या डोक्यात आला त्याला कारण होतं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत रस्त्याच्या खात्याचे एक तरुण इंजिनिअर शाळेत पाणी प्यायला आले होते. त्यांचं नाव श्रीमंत. खात्याकडे डांबर मात्र बेताचंच होतं.

"गुरुजी, तुमच्या हद्दीत रस्ता तीन किलोमीटर," ते म्हणाले, "आणि वर थर द्यायला डांबर मिळणार एका किलोमीटरचं. पंधरा मार्चच्या आत एकाचं नाव कळवायचंय."

"मग जो फुटलाय तो कळवा."

"तीच अडचण आहे. आज एकही फुटलेला नाही. फुटायच्या आधी थर दिला तर रस्ता पाच-सहा वर्षं काढतो. फुटल्यावर गेलो तर मुळापासून खणावा लागतो. पण तिघांतला आधी कोण फुटणार, हे सांगायचं कुणी? आणि साहेबांना कागदावर आधार लागतो."

माणसाच्या आयुष्यात काही क्षण गप्प बसण्यासाठीच आलेले असतात. मी म्हणालो, "अहो, हे तर साधं गणित आहे. मी सांगतो."

आता हे तीन किलोमीटर नीट ध्यानात घ्या. पहिल्यात एस.टी.चा थांबा आणि रंगनाथचं चहाचं हॉटेल. दुसऱ्यात आमची शाळा. तिसऱ्यात पाटाची चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा कालवा. ही चारी रस्त्याला खेटून वाहत येई आणि एका मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलातून, पलीकडे जाई. मोरीच्या पुढे सीमाचं घर. तिसरा किलोमीटर दिसायला सगळ्यात देखणा होता, काळा आणि गुळगुळीत.

गणिताची पहिली पायरी म्हणजे मोजणी. कुठून किती जड वाहनं जातात ते मोजायचं. मी सातवीच्या मुलांच्या तीन तुकड्या केल्या, प्रत्येकीला पाटी-पेन्सिल दिली आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबांखाली बसवलं. पहिल्या दिवशी हिशेब असा आला की शाळेपुढून चौसष्ट जड वाहनं गेली आणि त्यांतल्या एकोणिसांना चार पाय होते. दुसऱ्या दिवशी मी 'वाहन म्हणजे काय' यावर अर्धा तास समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाहनंच येईनात.

झालं होतं असं, की शाळेचा गणवेश घातलेली पोरं पाटीवर काहीतरी लिहिताहेत आणि मागे टोपी घालून मी उभा आहे, हे दृश्य ट्रॅक्टरवाल्यांना लांबून वेगळंच दिसलं. जादा ऊस भरणाऱ्यांना पकडायला सरकारने नवीन चौकी बसवली, अशी बातमी थेट फडापर्यंत गेली. सगळे ट्रॅक्टर पाटाच्या कच्च्या वाटेने जाऊ लागले. एक ट्रकवाला चुकून आला, तो माझ्यापुढे थांबला, खाली उतरला आणि गाडीचे सगळे कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "साहेब, लायसन घरी राह्यलंय." मी त्याला दोन समजुतीच्या गोष्टी सांगून सोडून दिलं. त्याने जाताना पायाला हात लावला. त्या संबंध मोहिमेत मला मिळालेला मान तेवढाच.

दुसरी पायरी खुणांची. रस्त्यावर ठरावीक अंतरावर चुन्याने बारा गोल काढले आणि त्यांत आकडे घातले. दर आठवड्याला त्या गोलांत नवी चीर दिसते का ते बघायचं. संध्याकाळी गोल काढले आणि सकाळी रंगनाथचं हॉटेल चार फूट मागे सरकलेलं होतं. पत्र्याची पडवी उपटून त्याने मागे रोवली होती आणि घामाघूम होऊन तो बाकावर बसला होता.

"रुंदीकरण हाय ना, गुरुजी? आधीच सांगायचं व्हतं. आपल्या मानसाला तरी."

मी त्याला सगळं समजावलं. रुंदीकरण नाही; कुठे खड्डा पडणार ते आधी ओळखायचं आहे, म्हणजे तिथे नवीन थर देता येईल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे खड्डा पडायच्या आधीच बुजवायचा?"

"तसंच."

"मंग गाड्या हळू कशा व्हायच्या? गाडी हळू झाली तर मानूस माझ्या पाटीकडं बघतो, पाटीकडं बघितलं तर च्या पितो. तुमी माझ्या दाराम्होरचा गोल पुसा."

"अरे, पण थर मिळाला तर रस्ता चांगला होईल."

"त्यो बी पायजे," रंगनाथ म्हणाला. "थर बी पायजे अन् एक लहानसा खड्डा बी ऱ्हाऊ द्या."

मग त्याने पडवी पुन्हा रोवली. मागे घेताना चार फूट घेतली होती. पुढे आणताना सहा फूट आणली.

तिसरी पायरी आठवली की अजूनही मला घाम फुटतो. रस्ता किती खडबडीत आहे हे मोजायला यंत्र लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. मी अशी युक्ती काढली, की तांब्या काठोकाठ पाण्याने भरून सायकलवर एका हातात धरायचा आणि प्रत्येक किलोमीटरनंतर किती पाणी सांडलं ते मोजायचं. रस्ता जितका खराब तितकं जास्त पाणी सांडणार. यात शास्त्रीय चूक काहीच नव्हती. चूक एवढीच होती की मी सकाळी सहा वाजता निघालो.

सकाळी सहा वाजता तांब्या घेऊन गावाबाहेर निघालेला माणूस कुठे चालला आहे, याबद्दल आपल्याकडे कुणाला शंका येत नाही. पहिल्या किलोमीटरवर लोकांनी सभ्यपणे माना फिरवल्या. दुसऱ्यावर मला वर्गातली मुलं भेटली. "नमस्ते गुरुजी!" मी हात वर केला, तो तांब्याचा होता. पाव तांब्या तिथेच गेला. मी आकडा लिहून घेण्यापुरता थांबलो, पुन्हा तांब्या भरला, तिसराही संपवला आणि परत फिरलो, कारण शास्त्रात मोजमाप दोनदा करावं लागतं. एकाच माणसाला तासाभरात दुसऱ्यांदा तांब्या घेऊन जाताना पाहून रंगनाथला राहवलं नाही.

"गुरुजी, एवढ्या लांब कशापायी? त्या बाभळीमागं बसा की. अन् पोट लईच बिघडलं आसंल तर कोरा च्या देतो, लिंबू पिळून."

दुपारपर्यंत गावातून तीन घरची ताकाची भांडी आमच्या दारात आली. आमच्या हिने ती मुकाट्याने घेतली आणि मला म्हणाली, "अहो, निदान तांब्या तरी घरचा नको होता. त्यावर तुमचं नाव आहे."

असो. आकडे मिळाले. पाणी पहिल्या किलोमीटरवर सर्वांत जास्त सांडलं होतं. वाहनंही तिथेच जास्त, थांबणं-वळणंही तिथेच जास्त. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी हॉटेलातल्या 'आजची भजी' लिहायच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'पहिला किलोमीटर. गुढीपाडव्याच्या आत.' खाली सही केली. श्रीमंत साहेबांनाही तसंच पत्र दिलं. त्यांनी नगरहून एक दिवसापुरतं यंत्र मागवलं होतं. जीपच्या मागे जोडायचं एक चाक, रस्त्याचे हादरे मोजणारं. त्या यंत्रानेही सांगितलं, पहिला सगळ्यात वाईट, तिसरा उत्तम. मी यंत्राकडे सहकाऱ्याच्या नजरेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सीमा टेबलापाशी थांबली.

"गुरुजी, तिसरा फुटंल."

"कशावरून?"

"अंड्यांवरून."

तिचे वडील जालिंदर आठवड्यातून दोनदा कोल्हारला अंडी घेऊन जात. घरी दोनशे कोंबड्या होत्या. सायकलच्या कॅरिअरवर तीस-तीस अंड्यांचे चार ट्रे बांधायचे आणि निघायचं. घरी परतल्यावर रिकामे ट्रे धुणं आणि किती अंडी फुटली ते लिहून ठेवणं हे सीमाचं काम. तिने वही पुढे केली. दिवाळीत एखादं फुटायचं. मग दोन-दोन. चारीला पाणी सुटलं की आठ-दहा दिवसांनी आकडा चढायचा, पाणी बंद झालं की थोडा उतरायचा. पण पहिल्याइतका खाली कधीच नाही. शेवटच्या पानावर सात होते.

"बाबा म्हणतात, मोरीपाशीच आवाज येतो. ट्रेमधून. चट् करून."

मी वही चाळली. खरं सांगतो मुलांनो, अक्षर सुंदर होतं आणि आकडे चोख होते. पण माझी सही फळ्यावर होती. मी म्हणालो, "बाळ, ट्रे सैल बांधले असतील. टायरमध्ये हवा जास्त असेल. शिवाय यंत्र काय म्हणालं ते ऐकलंस ना?"

"यंत्र जीपच्या मागं व्हतं, गुरुजी. जीप मधून जाते. बाबा कडंनं जातात. ट्रक आला की कडंलाच व्हावं लागतं."

"छान," मी म्हणालो. या वेळी 'खाली बस' म्हणायची सोय नव्हती, शाळा सुटलेली होती.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "अंडी अशीच फुटली तर बाबा कोंबड्या विकून नागापूरला कंपनीत जाणार हायेत. आमी समदेच जाऊ. वार्षिक परीक्षा बी तिकडंच."

शिकवायची आवड असलेल्या माणसाला मुलगा चुकला तर वाईट वाटत नाही, समजावून सांगता येतं. मुलगी बरोबर असली आणि आपण चुकलो असलो, तर कुणाला समजावायचं हा प्रश्न पडतो. मी स्वतःची समजूत अशी घातली, की पाडव्यापर्यंत वाट पाहू. पण खात्याचा पंधरा मार्च पाडव्याच्या आधी येत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चारीला पाणी सुटलं. बारा तारखेपर्यंत पहिल्या किलोमीटरवर एकही चीर नव्हती. रंगनाथ रोज फळ्यावरचा माझा मजकूर पुसट होऊ नये म्हणून खडूने गिरवत होता. मी त्या संध्याकाळी जालिंदरकडे गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सीमाची पुस्तकं. शेजारीच एक पत्र्याची पेटी अर्धी भरून ठेवलेली. मी पेटीकडे बघायचं टाळलं.

"जालिंदरभाऊ, एक ट्रे द्या. तीस अंडी. मी स्वतः कडेने नेऊन बघतो."

"गुरुजी, न्या की. पण सायकल सावकाश. तुमाला सवय न्हाई."

"मी सोळा वर्षं सायकल चालवतोय."

"सायकलची हाय. अंड्यांची न्हाई."

सीमाने ट्रे स्वतः बांधला, रबराच्या दोन पट्ट्या आडव्या, एक उभी. मग ती आणि जालिंदर मोरीपाशी जाऊन उभे राहिले. मी ट्रे बांधलेली सायकल गावापर्यंत हातात धरून चालत नेली आणि पहिल्या किलोमीटरच्या दगडापासून स्वार झालो. कडेने, अगदी कडेने. हॉटेलपुढे थांबून ट्रे पाहिला. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. रंगनाथने विचारलं, "आज तांब्या न्हाई?" मी पट्ट्या ताणून पाहिल्या आणि पेडल मारलं. दुसरा किलोमीटर संपला, एक अंडं. तिसरा लागला. गुळगुळीत, काळा, देखणा. मला मनातून बरं वाटू लागलं होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मी कडेला झालो, आणखी कडेला झालो, आणि मोरीच्या अलीकडे रस्त्याची बरगडी माझ्या खालून निघून गेली.

आवाज फारसा झाला नाही. हातभर रुंद डांबराची पोळी खाली बसली, तिच्याखालची माती चारीच्या पाण्याने केव्हाच लोण्यासारखी मऊ केली होती. सायकल, मी आणि एकोणतीस धडधाकट अंडी चारीत गेलो. पाणी गुडघाभर होतं, पण मी बसलेला असल्यामुळे ते छातीपर्यंत आलं.

त्याच वेळी श्रीमंत साहेबांची जीप येऊन थांबली. ते आपलं भरलेलं पत्रक घेऊन पहिला किलोमीटर शेवटचा बघायला निघाले होते. मागून, सायकलच्या ट्रेवर डोळा ठेवून आलेला रंगनाथही पोचला. त्याने माझ्या टोपीवरून ओघळणारं पिवळं बघितलं, चारीकडे बघितलं.

"गुरुजी, आज पानी तरी भरपूर हाय."

श्रीमंत साहेब मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली बसून तुटलेल्या कडेखाली हात घालत होते. कोपरापर्यंत हात आत गेला. "हे मधेपर्यंत पोकळ व्हायला किती दिवस?" ते स्वतःशीच म्हणाले.

"आणखी एकदा पाणी सुटलं की," सीमा म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

मी चारीतूनच म्हणालो, "साहेब, माझं पत्र फाडा. तिची वही जोडा." हे वाक्य उभं राहून म्हणायला हवं होतं, पण चिखलात पाय रुतले होते.

पत्रकात 'पाहणीची पद्धत' असा रकाना होता. तिथे काय लिहायचं यावर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आम्ही अर्धा तास घातला. 'अंडी' लिहिलं असतं तर वरच्या साहेबांनी परत पाठवलं असतं. शेवटी श्रीमंतांनी लिहिलं: 'सायकलस्वाराने रस्त्याच्या कडेने केलेली चार महिन्यांची नियमित पाहणी.' तरी पत्रक एकदा परत आलंच. शेरा होता: 'यंत्राचा अहवाल उत्तम असताना पाहणी विपरीत कशी? सायकलस्वाराची शैक्षणिक अर्हता कळवावी.' आम्ही वही लिहिणारीची कळवली, सातवी, चालू. सोबत वहीची नक्कल आणि तुटलेल्या कडेचा फोटो. फोटोत एका बाजूला माझी टोपी तरंगताना दिसते. ती कापून टाका अशी मी विनंती केली होती, पण टोपीमुळे खोलीचा अंदाज येतो, असं श्रीमंतांचं म्हणणं पडलं.

एप्रिलच्या शेवटी मंजुरी आली. कड खणून पक्की भरली आणि तिसऱ्या किलोमीटरवर नवीन थर पडला. पहिल्याच सोमवारी जालिंदर एकशे वीस अंडी घेऊन गेले आणि कोल्हारात एकशे वीस उतरवली. पेटीतले कपडे पुन्हा खुंटीवर गेले. रंगनाथने आपल्या फळ्यावरचं माझं भाकीत पुसायला नकार दिला. गिऱ्हाइकं ते वाचायला थांबतात म्हणाला, खड्ड्याची गरजच राहिली नाही.

एका संध्याकाळी मी आणि सीमा मोरीपाशी उभे होतो. डांबराचा नवा वास येत होता. चारीला पाणी नव्हतं. मी समाधानाने म्हणालो, "चला. झालं काम."

सीमा चारीत वाकून बघत होती. रस्त्याकडच्या काठाला, मुठीएवढं खेकड्याचं बीळ होतं. त्याच्या शेजारी आणखी एक.

"गुरुजी, पानी हितून जात व्हतं रस्त्याखाली. परत सुटलं की परत जाईल. मंग नवा थर किती दिवस?"

मी मनात हिशेब केला. "दोन वर्षं. फार तर अडीच."

तिने वही माझ्या हातात दिली, चपला काढल्या, चारीत उतरली आणि तळाचा चिकट काळा गाळ उपसून बिळांत ठासायला लागली. टाचेने दाबून बसवला, वरून खडे ठोकले, त्यावर पुन्हा गाळ थापला. मग वर बघून म्हणाली, "पानी गळतंय का बघाया पायजे. तुमचा तांब्या आना, गुरुजी."

मी घरी गेलो आणि भर संध्याकाळी, नाव घातलेला तांब्या काठोकाठ भरून, गावाच्या मधून चालत आलो. हॉटेलातल्या सगळ्यांनी बघितलं. रंगनाथने तोंड उघडलं आणि, काय वाटलं कोण जाणे, मिटलं.

सीमाने बिळांपुढे चिखलाचं एक छोटं आळं केलं, त्यात तांब्या ओतला, आणि गुडघ्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिली. पाणी हललं नाही. मग तिने हात फ्रॉकला पुसले, वहीचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं: 'मोरी. गळती शून्य.' क्षणभर पेन्सिल तोंडात धरून तिने विचार केला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'पुन्हा बघणे, दर गुरुवारी.'